विंड टनेलमध्ये हवी तेवढीच खळबळ: जाळी कशी बनवायची, टर्ब्युलन्स कसा मोजायचा

पंखा लावला, प्लायवूडचा डबा जोडला, समोर मॉडेल ठेवलं की विंड टनेल झालं, असं नव्याने या कामात येणाऱ्याला वाटतं. वारा येतो, हे खरं. पण तो वारा किती खवळलेला आहे हे सांगता येत नसेल, तर त्यात मोजलेल्या आकड्याला कोणी विचारत नाही. १९१२च्या सुमारास पॅरिसला आयफेल (तेच, टॉवरवाले) आणि जर्मनीत गटिंगेनची मंडळी, दोघांनीही साध्या गोल चेंडूवर वाऱ्याचा विरोध मोजला. गटिंगेनचा आकडा आयफेलच्या दुपटीहून जास्त आला. दोघांपैकी चुकलं कोणीच नव्हतं. चेंडूला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर एका ठिकाणी लवकर खवळत होता आणि दुसरीकडे शांत राहत होता. १९१४ साली गटिंगेनच्याच प्रांटल यांनी चेंडूवर बारीक तारेचं कडं बसवून हे दाखवून दिलं. वाऱ्यातली खळबळ हा थर लवकर खवळवते, म्हणून ती किती आहे हे ठाऊक असावं लागतं.

हा लेख आपल्याकडच्या, म्हणजे विदर्भातल्या, तालुक्याच्या ठिकाणच्या पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांसाठी आहे. अलीकडे बरेच प्रोजेक्ट फवारणीच्या ड्रोनवर असतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना झालेल्या विषबाधेनंतर औषधाचा तुषार वाऱ्यावर कुठे जातो हा प्रश्न या भागात पुस्तकापुरता राहिलेला नाही. असा प्रयोग टनेलमध्ये करायचा तर हवेत ठरवून, मोजून खळबळ उठवता आली पाहिजे. त्याचा क्रम असा: आधी हिशेब, मग हवा शांत करणं, मग खळबळ उठवणारी जाळी, मग मोजणी. बहुतेक जण जाळीपासून सुरू करतात आणि तिथेच फसतात.

आधी वही-पेन

टर्ब्युलन्सची, म्हणजे या खळबळीची, दोन मापं लागतात. पहिलं म्हणजे तीव्रता. वेगाची सरासरी काढायची, त्या सरासरीभोवती वेग किती वरखाली होतो त्याचं आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) काढायचं आणि त्याला सरासरीने भागायचं. सरासरी ८ मीटर प्रति सेकंद आणि चढउतार ०.४ असेल तर तीव्रता ५ टक्के. दुसरं माप भोवऱ्यांच्या आकाराचं, ज्याला इंटिग्रल लेंग्थ स्केल म्हणतात. दोन टनेलमध्ये तीव्रता सारखीच ५ टक्के असली, पण एकात भोवरे सेंटीमीटरचे आणि दुसऱ्यात वीतभर असले, तर मॉडेलवरचा परिणाम सारखा येणार नाही. रिपोर्टमध्ये फक्त टक्केवारी लिहिणारे हे दुसरं माप विसरतात.

उदाहरणासाठी एक टनेल धरू: टेस्ट सेक्शन ३० बाय ३० सेंटीमीटर, लांबी १.२ मीटर, वेग ८ मीटर प्रति सेकंद. एवढं टनेल कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बसतं आणि गावातला मिस्त्री ते करू शकतो. राइट बंधूंचं १९०१ सालचं टनेलही लाकडी खोकंच होतं, १६ इंच चौरस आणि सहा फूट लांब.

जाळीचं एक घर टेस्ट सेक्शनच्या रुंदीच्या दहाव्या हिश्श्याहून मोठं नको. म्हणून घर (एका पट्टीच्या मध्यापासून पुढच्या पट्टीच्या मध्यापर्यंत) २५ मिलिमीटरचं घेऊ, म्हणजे रुंदीत १२ घरं बसतात. पट्टी ५ मिलिमीटर चौरस. आता जाळीने किती वाट अडवली ते काढा. पट्टी भागिले घर, म्हणजे ०.२. त्याला २ वजा ०.२ ने गुणा. उत्तर ०.३६, म्हणजे ३६ टक्के वाट बंद. हा आकडा ४५ टक्क्यांच्या खाली ठेवा. त्यापुढे गेलं की घरांतून निघणारे हवेचे झोत एकमेकांना ओढून चिकटतात, प्रवाह एका बाजूला कलंडतो, आणि मग तुम्ही काहीही केलं तरी तो सरळ होत नाही.

जाळीमागे तीव्रता किती मिळेल? चौकोनी पट्ट्यांच्या चौरस जाळीसाठी रोच यांनी १९८७ मध्ये दिलेलं सूत्र सोपं आहे: जाळीपासूनचं अंतर भागिले पट्टीची रुंदी, त्याचा उणे पाच-सप्तमांश घात, आणि त्याला १.१३ ने गुणायचं. आपल्या जाळीमागे पाव मीटरवर सुमारे ६.९ टक्के, अर्ध्या मीटरवर ४.२, पाऊण मीटरवर ३.२ आणि एक मीटरवर २.६ टक्के येतात. भोवऱ्याचा आकार काढायचा तर अंतर आणि पट्टीची रुंदी यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्या आणि ०.२ ने गुणा. अर्ध्या मीटरवर एक सेंटीमीटर, एक मीटरवर १.४ सेंटीमीटर. म्हणजे पुढे जावं तशी तीव्रता उतरते आणि भोवरे मोठे होतात.

इथेच ठरवा की तुमच्या मॉडेलला काय हवंय. ३ टक्के हवे असतील तर मॉडेल पाऊण मीटरच्या पुढेमागे ठेवावं लागेल. ८ टक्के हवे असतील तर ही जाळी तुमची नाही. जाळीपासून दहा घरांच्या आत मॉडेल ठेवून जास्त टक्के मिळवायचा मोह होतो, पण तिथे हवा अजून पट्ट्यांच्या सावलीत असते. एका घरामागे वेग जास्त, पट्टीमागे कमी. वीस घरांच्या पुढे गेलं की ती एकसारखी मिसळलेली मिळते.

हवा शांत करणं

सगळा कस इथे लागतो. खळबळ आपण मापून घालणार आहोत, म्हणून आत येणारी हवा आधी गप्प असायला हवी.

सुरुवात पंख्यापासून. विदर्भात पहिला विचार कूलरच्या पंख्याचा येतो, कारण तो प्रत्येक घराच्या माळ्यावर पडलेला असतो. तो मोकळ्यात भरपूर हवा फेकतो, पण समोर जाळ्या आणि पडदे लावले की दम सोडतो. त्यापेक्षा एक हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटर आणि सेंट्रिफ्यूगल ब्लोअर घ्या, त्यावर व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारं यंत्र) लावा. ब्लोअर टनेलच्या शेपटीला ठेवून हवा ओढा. ढकलण्यापेक्षा ओढलेली हवा सरळ मिळते. घरच्या फॅनचा रेग्युलेटर वापरू नका. त्याने मोटर गुरगुरते आणि ती गुरगुर थेट तुमच्या नोंदीत उतरते. पंख्याच्या तोंडाला लोखंडी जाळी आवश्यक, ओढणी आणि मफलर दोन्ही आत जातात.

हवा आत शिरते तिथे मोठी पेटी करा, ७५ बाय ७५ सेंटीमीटर. तिथून ३० बाय ३० वर येताना क्षेत्रफळ सव्वासहा पटीने घटतं. हे कॉन्ट्रॅक्शन. लहान टनेलसाठी सहा ते नऊ हे प्रमाण चांगलं मानतात. हवा आकसत वेग घेते तेव्हा मूळच्या चढउताराचा सरासरीशी हिशेब खूप खाली येतो. याचा वक्र दोन्ही टोकांना सरळीला लागून हवा, मध्ये कुठे कोपरा नको. आमच्याकडच्या मिस्त्रीने आतली बाजू तिसऱ्यांदा घासायला सांगितल्यावर विचारलं होतं, "सर, एवढं गुळगुळीत कायले पाह्यजे? हवाच तं जायाची हाये ना?" सांध्यावर बोट फिरवून जिथे अडेल तिथे हवाही अडते, हे त्याला पटायला एक उदबत्ती पुरली. धुराची रेघ सांध्यापर्यंत नीट गेली आणि तिथे फुटली.

पेटीत सगळ्यात आधी हनीकोम्ब येतं, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखा नळ्यांचा गठ्ठा. त्याचं काम हवेतलं गिरकणं थांबवायचं. आता सावध राहा. आपल्याकडे कूलरला लागणारे हनीकोम्ब पॅड कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात, नावही तेच, आणि दरवर्षी कोणी ना कोणी तेच टनेलला बसवतं. पॅड हातात धरून उजेडाकडे आरपार बघायचा प्रयत्न करा. आरपार दिसत नाही. त्यातल्या नळ्या सरळ नसतात, एकाआड एक थर तिरका वर आणि तिरका खाली जातो, म्हणजे पाणी आणि हवा भरपूर भेटतील. कूलरला हे उत्तम. टनेलमध्ये मात्र ते हवेला सरळ करण्याऐवजी वळवतं.

सरळ नळ्या हव्यात, लांबी नळीच्या व्यासाच्या सहा ते आठ पट. सहा मिलिमीटरच्या स्ट्रॉचे साडेचार सेंटीमीटरचे तुकडे बरोबर बसतात. ७५ बाय ७५च्या पेटीला असे अठरा हजारांच्या आसपास तुकडे लागतात, म्हणून वीस सेंटीमीटरच्या साडेचार हजार स्ट्रॉ आणि हाताखाली पाच-सहा पोरं. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे, तेव्हा कागदी घ्या आणि दोन्ही टोकांना पातळ व्हार्निश द्या. नाहीतर श्रावणात त्या फुगतात. बजेट असेल तर ॲल्युमिनियमचं तयार हनीकोम्ब घ्या आणि पोरांना सुट्टी द्या.

हनीकोम्बमागे दोन-तीन बारीक जाळ्यांचे पडदे, ताणून बसवलेले. मच्छरदाणीच्या नायलॉन जाळीपेक्षा स्टेनलेस स्टीलची बरी, ती झोळ खात नाही. विकत घेताना उघडी जागा मोजा: १ वजा (तार भागिले घर), त्याचा वर्ग. हे ५७ टक्क्यांच्या वर हवं. बारीक जाळी म्हणजे जास्त शांत हवा असं नाही, ५७च्या खाली तीच झोत चिकटायची भानगड पडद्यामागे सुरू होते. दोन पडद्यांत १५ सेंटीमीटर अंतर ठेवा.

या पेटीच्याही बाहेर आपल्या भागात एक गोष्ट लागते जी परदेशी पुस्तकात नसते. नोव्हेंबर ते मार्च, जिनिंग चालू असताना, हवेत कापसाची लिंट, म्हणजे सुटे तंतू, तरंगते. हॉट वायरची (टर्ब्युलन्स मोजणाऱ्या तापल्या तारेच्या सेन्सरची) तार पाच मायक्रॉन जाड असते. कापसाचा तंतू बारा ते वीस मायक्रॉन. म्हणजे जो तंतू तुम्हाला उन्हाच्या तिरिपेत जेमतेम दिसतो, तो तुमच्या सेन्सरहून तिप्पट जाड आहे. तो तारेवर अडकला की तार तुटते, नाहीतर त्याहून वाईट, तुटत नाही आणि चुकीचा वेग दाखवत राहते. म्हणून पेटीच्या तोंडापासून हातभर लांब मलमलीचा मोठा पिंजरा उभा करा. थेट तोंडावर मलमल ताणू नका. पिंजरा मोठा असला की त्यातून हवा इतकी हळू येते की दाबाचा तोटा जाणवत नाही. दर आठवड्याला झटका. पडदे आणि जाळीवरही लिंट बसते, आणि बंद वाटेचा ३६ टक्क्यांचा हिशेब हळूहळू ४०वर जातो.

जाळी बनवणं

ॲल्युमिनियमची ५ मिलिमीटर चौरस सळई फॅब्रिकेशनवाल्याकडे मिळते. सागाची पट्टीही चालते, गडचिरोलीकडचा साग आपल्याला परका नाही, पण पावसाळ्यात तो अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे करतो. पट्ट्या दोन थरांत लावायच्या, आडवा थर आणि त्याला टेकून उभा थर. विणायच्या नाहीत. प्रत्येक थरात १२, म्हणजे एकूण २४. पहिली पट्टी भिंतीपासून साडेबारा मिलिमीटरवर, पुढे दर २५वर. अशाने भिंतीपाशी अर्धं घर येतं, आणि ते बरोबर आहे. कडा धारदार ठेवा, पॉलिश पेपरने गोल करू नका. चौकोनी पट्टीच्या सूत्रात धारदार कडा गृहीत धरलेली असते.

जोड एपॉक्सीने द्या आणि वाळेपर्यंत सपाट काचेवर दाबून ठेवा. वाळल्यावर घरं व्हर्नियरने मोजा, मधली आणि कोपऱ्यातली. मग फ्रेमसकट टनेलमध्ये बसवून पंखा चालू करा आणि बोट जाळीला लावा. थरथर जाणवली तर फ्रेम आवळा. जाळी थरथरत असेल तर तिच्या सुराची टोकदार रेघ तुमच्या स्पेक्ट्रमवर (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती खळबळ, त्या आलेखावर) उमटेल आणि तुम्ही ती हवेची समजाल.

जाळी कॉन्ट्रॅक्शन संपतं तिथे, टेस्ट सेक्शनच्या तोंडाशी बसवा. जाळी बसली की वेग पडतो. व्हीएफडी वाढवून पुन्हा ८वर आणा.

सरासरी वेग आधी

पिटो ट्यूब (वाऱ्याच्या दाबावरून वेग सांगणारी नळी) आणि तिरपा मॅनोमीटर (दाब दाखवणारी पाण्याची नळी), एवढ्यावर हे होतं. ८ मीटर प्रति सेकंदाला दाब फक्त ३५ पास्कल, म्हणजे पाण्याचा साडेतीन मिलिमीटर. उभ्या नळीत हे वाचता येत नाही. नळी दहास एक तिरपी केली की तेच ३५-३६ मिलिमीटर दिसतं.

इथे हवेच्या घनतेचा आकडा पुस्तकातला घेऊ नका. पुस्तकात १.२२५ असतो, तो समुद्रसपाटीचा आणि १५ अंशांचा. आपण समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास आहोत. मे महिन्यात दुपारी ४५ अंशाला इथल्या हवेची घनता १.०६ च्या जवळ असते, जानेवारीत पहाटे १२ अंशाला १.२०. ३५ पास्कलला १.२२५ धरून वेग ७.६ येतो, मे महिन्यातला खरा वेग ८.१. सात टक्के चूक, पंखा चालू करायच्या आधीच खिशात. खोलीत थर्मामीटर आणि मोबाइलमधला नव्हे, खरा बॅरोमीटर ठेवा. घनता प्रत्येक वेळी काढा: दाब पास्कलमध्ये, भागिले २८७, भागिले केल्व्हिनमधलं तापमान.

मग जाळीपासून अर्ध्या मीटरवर पाच बाय पाच जागांवर वेग मोजा, भिंतीजवळचे पाच-सहा सेंटीमीटर सोडून. फरक दोन टक्क्यांच्या आत यायला हवा. एखादा कोपरा सारखा हळू येत असेल तर पडद्याचा झोळ किंवा लिंट बघा, बहुतेक तिथेच असतं.

हॉट वायर

पिटो ट्यूब सरासरीपुरती. सेकंदाला हजारो वेळा होणारा चढउतार तिला कळत नाही, आणि बाजारातले हातात धरायचे ॲनिमोमीटरही त्या कामाचे नाहीत. पाच मायक्रॉन जाड, सव्वा मिलिमीटर लांब टंगस्टनची तार वीज देऊन तापवायची, हवा तिला थंड करते, आणि सर्किट तिचं तापमान जिथल्या तिथे राखतं. त्यासाठी लागलेलं व्होल्टेज म्हणजे वेगाची खूण. मशीन लाखांत जातं. विकत घेण्याआधी मोठ्या संस्थेतल्या ओळखीने चार दिवस वापरायला मिळतं का बघा. जळक्या बल्बची फिलामेंट वापरून सर्किट शिकायला हरकत नाही, पण ती गुंडाळी जाड आणि सुस्त असते. टर्ब्युलन्स तिच्याने मोजू नका.

कॅलिब्रेशन असं. जाळी काढा. पिटो आणि हॉट वायर शेजारी शेजारी ठेवा, दोन-तीन सेंटीमीटर अंतराने. २ पासून १२ मीटर प्रति सेकंदापर्यंत दहा-बारा वेग घ्या, खालच्या बाजूला जास्त दाट. किंग यांचा १९१४ सालचा नियम सांगतो की व्होल्टेजचा वर्ग म्हणजे एक ठराविक संख्या अधिक दुसरी ठराविक संख्या गुणिले वेगाचा घात, आणि तो घात प्रत्यक्षात ०.४५ च्या आसपास येतो. तुमचा ०.४ ते ०.५ च्या बाहेर आला तर पिटोची नळी कुठेतरी गळतेय. चौथ्या घाताची बहुपदी बसवली तरी चालते, पण तिच्या टोकांच्या बाहेर एकही वेग वाचू नका.

आणि तापमान. खोलीचं तापमान एका अंशाने सरकलं की हॉट वायरचा वेग सुमारे दोन टक्क्यांनी सरकतो. आपल्याकडे सकाळी आठ ते दुपारी एक या वेळात टिनाच्या शेडमध्ये दहा अंश चढतात. सकाळचं कॅलिब्रेशन दुपारी वापरलं तर वीस टक्के गेले. उपाय: तारेशेजारी थर्मोकपल लावा आणि प्रत्येक नोंदीचं व्होल्टेज दुरुस्त करा. तारेचं तापमान वजा कॅलिब्रेशनच्या वेळचं तापमान, भागिले तारेचं तापमान वजा आत्ताचं तापमान, याचं वर्गमूळ घेऊन व्होल्टेजला गुणा. तारेचा विद्युत प्रतिकार थंड असतानाच्या १.८ पट ठेवला तर तार हवेपेक्षा सव्वादोनशे अंशांच्या आसपास जास्त तापते. त्याहून चांगला उपाय म्हणजे पहाटे काम उरकणं. खोलीतला कूलर मात्र बंदच ठेवायचा, कितीही उकडो. त्याचे थेंब तारेवर बसले की तार गेली. उदबत्तीही हॉट वायर बाहेर असतानाच.

वीज आणि अर्थिंग

पन्नास हर्ट्झची घुरघुर नोंदीत शिरली की अर्धा दिवस ती हवेतली आहे की तारेतली हे शोधण्यात जातो. ओळखायची खूण सोपी: पंखा बंद करा. घुरघुर राहिली तर ती विजेची. विदर्भात याचं कारण बहुतेक वेळा अर्थिंगचा खड्डा असतो. मीठ-कोळसा घालून केलेला खड्डा मार्चनंतर कोरडा पडतो, काळी जमीन भेगाळते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. महिन्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतत जा. व्हीएफडी आणि हॉट वायरचं मशीन टनेलच्या विरुद्ध बाजूंना ठेवा, व्हीएफडीची केबल शील्डची घ्या.

रब्बीत ओलिताच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज लटपटतं. प्रत्येक नोंदीच्या पहिल्या आणि शेवटच्या दहा सेकंदांची सरासरी ताडून बघा. अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक असेल तर ती नोंद टाकून द्या आणि मोटारी बंद व्हायची वाट बघा.

नोंद किती वेळ, किती वेगाने

आपल्या जाळीचा हिशेब पूर्ण करू. अर्ध्या मीटरवर, ८ मीटर प्रति सेकंदाला, ४.२ टक्के म्हणजे चढउतार ०.३४ मीटर प्रति सेकंद. सूत्रातून ऊर्जा किती झपाट्याने विरते ते काढलं की सगळ्यात लहान भोवऱ्याचा, म्हणजे कोल्मोगोरोव्हच्या मापाचा, अंदाज ०.१८ मिलिमीटर येतो. तो तारेसमोरून जाताना सात हजार हर्ट्झच्या जवळचा सिग्नल देतो. म्हणून फिल्टर ८ ते १० हजारांवर आणि सॅम्पलिंग २० हजारांच्या वर, फिल्टरच्या दुपटीहून थोडं जास्तच. फिल्टर न लावता नुसतं सॅम्पलिंग केलं तर वरच्या फ्रिक्वेन्सी खाली येऊन बसतात, आणि नंतर कॉम्प्युटरवर त्या काढता येत नाहीत.

वेळेचं गणित वेगळं आहे. एक सेंटीमीटरचा भोवरा तारेसमोरून सव्वा मिलिसेकंदात जातो. त्याच्या दुपटीने, म्हणजे अडीच मिलिसेकंदांनी, एक खरोखर नवी माहिती मिळते. मधले पन्नास सॅम्पल त्याच भोवऱ्याचे. आरएमएस एक टक्क्यात पकडायचं तर अशा एकोणीस हजार नव्या माहित्या लागतात, म्हणजे ४८ सेकंद. दोन मिनिटांची नोंद घ्या. सॅम्पलिंग वाढवून वेळ कमी करता येत नाही, हे मुलांना पटवून द्यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

मोजणी आणि खातरी

पहिली नोंद जाळीशिवाय. रिकाम्या टनेलची तीव्रता अर्ध्या टक्क्याच्या खाली आली तर पुढे जा. चांगल्या मोठ्या टनेलमध्ये ती ०.१ च्याही खाली असते. एक टक्का आली तर जाळी बसवू नका, मागे जाऊन पेटी बघा.

मग जाळी लावून मधल्या रेषेवर दहा घरांपासून चाळीस घरांपर्यंत, दर पाच घरांवर एक नोंद. आता या चार गोष्टी तपासा.

अंतराचा लॉग आणि तीव्रतेच्या वर्गाचा लॉग यांचा आलेख काढा. पंधरा-वीस घरांच्या पुढे सरळ रेघ यायला हवी, आणि उतार उणे १.१ ते उणे १.४ च्या दरम्यान. जी. आय. टेलर यांनी १९३५ मध्ये हा विषय मांडल्यापासून हीच पहिली कसोटी आहे. रेघ शेवटी आडवी होत असेल तर तुमची पार्श्वभूमीची खळबळ वर डोकं काढतेय.

वेगाच्या चढउताराचा स्क्यूनेस (तो एका बाजूला किती झुकलाय) शून्याजवळ आणि फ्लॅटनेस (टोकाचे झटके किती आहेत) ३ च्या जवळ हवा. फ्लॅटनेस ४-५ आला तर लिंट किंवा सैल जोड.

स्पेक्ट्रममध्ये ५०, १०० आणि ब्लोअरच्या पात्यांच्या फ्रिक्वेन्सीवर टोकं आहेत का बघा. असतील तर मूळ शोधा. सॉफ्टवेअरने खोडून पुढे जाऊ नका.

आणि उणे पाच-तृतीयांशची रेघ, म्हणजे लॉग आलेखात स्पेक्ट्रमच्या मधल्या पट्ट्याचा उतार. कोल्मोगोरोव्हचा १९४१चा हा निकाल प्रत्येक मुलाला आपल्या स्पेक्ट्रमवर दिसावा असं वाटतं, आणि स्केल टेकवून तो दाखवलाही जातो. आपल्या टनेलमध्ये टेलरच्या मापावरचा रेनॉल्ड्स आकडा (मोठ्या आणि लहान भोवऱ्यांत किती अंतर आहे त्याची खूण) ५५ च्या आसपास येतो. एवढ्या लहान आकड्याला तो पट्टा उघडा पडतच नाही, फार तर एक वळणापुरता स्पर्श होतो. वायवाला परीक्षकाने विचारलं तर हेच सांगा. स्केल टेकवलेल्या आलेखापेक्षा हे उत्तर जड भरतं.

तिन्ही दिशांना खळबळ सारखी आहे का हे एका तारेने कळत नाही, त्याला एक्सच्या आकाराचा दोन तारांचा प्रोब लागतो. साध्या जाळीमागे प्रवाहाच्या दिशेचा चढउतार आडव्यापेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास जास्त असतो. काँत-बेलो आणि कॉर्सिन यांनी १९६६ मध्ये जाळीमागे १.२७ पटीचं छोटं आकुंचन घालून हा फरक घालवला. पहिल्या टनेलला त्याच्या मागे लागू नका, पण फरक आहे हे रिपोर्टात लिहा.

जास्त हवं असेल तर

शेतावरचा वारा, पिकाच्या उंचीवर, वीस टक्के आणि त्याहून जास्त खवळलेला असतो. ड्रोनच्या तुषाराचा प्रयोग त्या पातळीवर करायचा असेल तर साधी जाळी पुरणार नाही. एक वाट म्हणजे टनेलच्या तोंडाशी उंच त्रिकोणी सुळके आणि पुढे जमिनीवर लाकडी ठोकळ्यांच्या ओळी. याने जमिनीलगत वेग कमी आणि वर जास्त, असा खरा शेतासारखा वारा मिळतो. मात्र त्याला टेस्ट सेक्शन उंचीच्या निदान सहा-सात पट लांब लागतो, आपल्या १.२ मीटरमध्ये ते बसणार नाही.

दुसरी वाट ॲक्टिव्ह ग्रिडची. १९९१ मध्ये माकिता यांनी दाखवलेली ही जाळी म्हणजे आडव्या-उभ्या दांड्या, प्रत्येकीवर पातळ पंख, आणि प्रत्येक दांडीला वेगळी मोटर, जी कधी सुलट कधी उलट फिरते. टनेल तेवढंच ठेवून दहा टक्क्यांच्या पुढे जाता येतं आणि भोवरेही मोठे मिळतात. स्टेपर मोटर आता स्वस्त आहेत, बेअरिंग बाजारात मिळतात, प्रोग्रामिंग कॉलेजातली मुलं चुटकीसरशी करतात. दांड्यांची सरळता तेवढी पाहून घ्या. अर्धा मिलिमीटर वाकलेली दांडी ८ मीटरच्या वाऱ्यात पंखासकट फडफडते. आणि मोटारींची वायरिंग हॉट वायरच्या केबलपासून दुसऱ्या भिंतीने न्या.